खेळाडू घडवणारे गुरुजी : नूट रॉकनी



शाळा सुटल्यावर मैदानात जमलेली मुले खेळ सुरू करण्यापूर्वी काय करतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपणही लहानपणी तेच केले आहे. दोन कप्तान पुढे येतात आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेतात. जो सर्वांत चपळ, तो आधी जातो. मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. शेवटी जो उरतो, त्याला लिंबू-टिंबू म्हणून कुठल्या तरी बाजूला देऊन टाकतात. पिंपळीच्या मैदानावर असो की बारामतीच्या, ही पद्धत सगळीकडे सारखीच. पहिल्या मुलाचे सगळे कौतुक करतात. शेवटच्या मुलाच्या चेहऱ्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

अमेरिकेत नेमका हाच प्रकार फार मोठ्या थाटामाटात दरवर्षी होतो. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू लांबोळा असतो, तो हातात घेऊन पळायचे असते, आणि समोरचा गडी कबड्डीतल्यासारखी पकड करून पाडतो. एका बाजूला अकरा गडी असतात. हा खेळ तेथे कॉलेजांमध्ये वाढला आणि पैसे देऊन खेळवणारे व्यावसायिक संघ नंतर आले. हे संघ दरवर्षी एकत्र बसतात आणि कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक नाव घेतात. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत मागे राहिला, त्याला पहिली पाळी मिळते. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे २००८ सालापासून आयपीएलमध्ये आणि २०१४ सालापासून प्रो कबड्डीत खेळाडूंवर बोली लागू लागली. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. एवढा एक फरक सोडला तर गोष्ट तीच आहे. तरुण मुलाच्या अंगातील गुणाची त्या दिवशी किंमत ठरते.

या ड्राफ्टमध्ये ज्या मोजक्या कॉलेजांची मुले सर्वांत जास्त निवडली गेली, त्यांत नोटर डेम हे नाव अगदी वरच्या रांगेत आहे. ५०० हून अधिक खेळाडू एकट्या या विद्यापीठातून निवडले गेले. नोटर डेम हे कॅथॉलिक विद्यापीठ आहे. पवित्र क्रूस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली इंडियाना राज्यात, साऊथ बेंड गावाजवळ, ते स्थापन केले आणि पवित्र मरियेच्या नावाने वाहिले. तेथे या खेळाचा पाया ज्यांनी घातला, ते नूट रॉकनी पहिला ड्राफ्ट होण्याच्या पाच वर्षे आधीच वारले. त्यांचे जीवन आज आपण पाहू या.

टपाल कचेरीतील कारकून

नूट रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वे देशातील व्हॉस या गावी झाला. वडील लार्स हे घोडागाड्या बनवणारे कुशल कारागीर होते. १८९३ साली शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. लार्स आपली गाडी घेऊन तेथे गेले आणि त्यांनी अमेरिकेतच राहण्याचा निश्चय केला. मागोमाग कुटुंब आले. नूट तेव्हा पाच वर्षांचा होता. घरची श्रद्धा लूथरन, भाषा नॉर्वेजियन आणि वस्ती परदेशातून आलेल्या कामकरी लोकांची. त्या वस्तीतल्या मोकळ्या जागांवर नूट पळायला, उड्या मारायला आणि फुटबॉल खेळायला शिकला.

शाळा पुरी झाली नाही. नूट टपाल कचेरीत नोकरीला लागला. काही वर्षे त्याने तेथे पत्रे वेगळी करण्याचे काम केले आणि पगारातून पै पै साठवून सुमारे हजार डॉलर बाजूला टाकले. त्याला कॉलेजात जायचे होते. घरात पूर्वी कोणी गेले नव्हते. १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो नोटर डेममध्ये दाखल झाला. या वयात बाकीची मुले पदवी घेऊन बाहेर पडतात. नूटचा ओढा खरे तर दुसऱ्या एका विद्यापीठाकडे होता. पण ओळखीची मुले इकडे येत होती, खर्च कमी होता आणि राहून काम करण्याची सोय होती.

एक लूथरन तरुण, वयाने मोठा, अंगाने ठेंगणा, डोक्यावरचे केस लवकर विरळ झालेला, अशा रूपात तो कॅथॉलिक धर्मगुरूंच्या विद्यापीठात आला. त्याच्या श्रद्धेबद्दल कोणी त्याला टोचले नाही. फी भागवण्यासाठी त्याने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाडलोट आणि भांडी धुण्याचे काम धरले.

प्रयोगशाळा आणि मैदान

या प्रयोगशाळेत फादर ज्युलियस न्यूलँड हे धर्मगुरू शास्त्रज्ञ काम करीत होते. ॲसिटिलीन वायूवर त्यांनी वर्षानुवर्षे संशोधन केले. याच संशोधनातून पुढे निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर तयार झाले. रॉकनी या फादरांचा विद्यार्थी झाला आणि नंतर मदतनीस. १९१४ साली तो औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला आणि तीही वरच्या श्रेणीत. याच चार वर्षांत तो वाद्यवृंदात बासरी वाजवीत होता, नाटकांत काम करीत होता, बांबूउडीत विद्यापीठाचा विक्रम करीत होता आणि फुटबॉल संघाचा कप्तानही झाला होता.

फुटबॉलच्या इतिहासात त्याचे नाव आले ते १९१३ साली. हातातला चेंडू पुढे फेकून दूरच्या गड्याला देण्याची परवानगी १९०६ सालीच मिळाली होती. पण मोठे संघ ती चाल फारशी वापरीत नसत. धक्काबुक्की करून पुढे सरकण्यावरच त्यांचा भर होता. १९१३ च्या उन्हाळी सुटीत रॉकनी आणि त्याचा मित्र गस डोराइस ओहायो राज्यातील सीडर पॉइंट या किनाऱ्यावर कामाला गेले. काम संपले की दोघे वाळूत उतरत. डोराइसने चेंडू फेकायचा आणि रॉकनीने पळता पळता तो झेलायचा, असा त्यांचा सराव रोज चाले.

१ नोव्हेंबर १९१३ रोजी नोटर डेमचा सामना वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाशी झाला. पूर्वेकडच्या लोकांना या लहानशा कॅथॉलिक विद्यापीठाचे नावही धड माहीत नव्हते. पण वाळूत केलेला सराव त्या दिवशी कामी आला. नोटर डेमने ३५ विरुद्ध १३ असा विजय मिळवला. चेंडू फेकण्याची कल्पना या दोघांची नव्हती. जी गोष्ट सर्वांना मोकळी होती, तिच्यावर त्यांनी सुटीत घाम गाळला होता, एवढेच.

पदवीनंतर विद्यापीठाने रॉकनींना रसायनशास्त्र शिकवायला आणि फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाला मदत करायला ठेवून घेतले. त्याच वर्षी बॉनी स्काइल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना चार मुले झाली. १९१८ साली मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यानंतर तेरा हंगामांत त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडवले. पाच हंगाम असे गेले की संघ एकदाही हरला नाही आणि बरोबरीतही अडकला नाही. सामन्याची तयारी ते वर्गातल्या धड्यासारखी करून घेत. प्रत्येक गड्याने कोठे उभे राहायचे, कोणत्या क्षणी हलायचे, कोणाला अडवायचे, हे आधी फळ्यावर आणि मग मैदानावर पुन्हा पुन्हा पाठ करून घेतले जाई.

लाडका आणि बेशिस्त

रॉकनी यांच्याकडून चुका झाल्या नाहीत असे नाही. मिशिगन राज्यातील लॉरियम या गावचा जॉर्ज गिप हा मुलगा १९१६ साली नोटर डेममध्ये आला. चेंडूला लाथ मारणे, फेकणे, घेऊन पळणे, सगळ्यात तो अव्वल होता. पण वर्गात तो क्वचित दिसे. बिलियर्ड्स आणि पत्त्यांवर पैसे लावण्यात त्याचा वेळ जाई. १९२० सालच्या सुरुवातीला विद्यापीठाने त्याला काढून टाकले आणि काही काळाने परत घेतले. इतर मुलांना शिस्तीचा बडगा दाखवणारे रॉकनी गिपच्या बाबतीत मऊ पडत, हे त्यांच्या मित्रांनाही दिसत होते. ज्याच्या अंगी असामान्य गुण असतो, त्याला आपण किती मोकळे सोडतो, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढे आणि आईबापांपुढे येतो. रॉकनी यांना त्याचे उत्तर नीट देता आले नाही.

१९२० च्या हिवाळ्यात गिपचा घसा दुखू लागला. संसर्ग वाढत गेला आणि न्यूमोनिया झाला. त्या काळी अशा आजारावर प्रतिजैविके नव्हती. १४ डिसेंबर १९२० रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, साऊथ बेंडच्या रुग्णालयात तो वारला. आठ वर्षांनंतर, १९२८ साली, एका अवघड सामन्याच्या मध्यंतरात रॉकनींनी गिपची शेवटची इच्छा म्हणून एक गोष्ट मुलांना सांगितली आणि संघाने तो सामना जिंकला. ती इच्छा गिपने खरोखरच बोलून दाखवली होती का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण आठ वर्षांनीही रॉकनींच्या मनातून तो मुलगा गेला नव्हता, हे मात्र खरे.

चार घोडेस्वार, सात खेचरे

१९२४ सालचा संघ सर्वांत प्रसिद्ध झाला. हॅरी स्टुलड्रेहर, डॉन मिलर, जिम क्रॉउली आणि एल्मर लेडन हे चार गडी चेंडू घेऊन पळत. एका वार्ताहराने त्यांना प्रकटीकरणाच्या पुस्तकातील चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि ते नाव देशभर झाले. वास्तविक हे चौघेही अंगाने लहानखुरे होते. त्यांना वाट मिळे, ती पुढे उभे राहून धक्के खाणाऱ्या सात गड्यांमुळे. त्या सात जणांना गमतीने सात खेचरे म्हणत. त्यांच्या मधोमध उभा राहणारा ॲडम वॉल्श हा संघाचा कप्तान होता. दोन्ही हात जायबंदी असतानाही तो एका मोठ्या सामन्यात शेवटपर्यंत खेळला.

रॉकनी यांची एक पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुष्कळदा ते सामन्याच्या सुरुवातीला पहिल्या फळीचे खेळाडू उतरवीतच नसत. दुसऱ्या फळीची मुले आधी मैदानात जात, समोरच्या संघाला दमवत, आणि मग प्रसिद्ध गडी उतरत. यामागे डावपेच होताच. पण ज्यांना एरवी बाकावर बसून राहावे लागले असते, अशा कितीतरी मुलांना त्यामुळे सामना सुरू करण्याचा मान मिळाला.

१ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात झालेल्या रोझ बोल सामन्यात या संघाने स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २७ विरुद्ध १० असा पराभव केला. या यशाचे मोल समजण्यासाठी तो काळ पाहावा लागेल. अमेरिकेत तेव्हा कॅथॉलिक लोकांकडे, विशेषतः आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेल्या गरीब कुटुंबांकडे, परके म्हणून पाहिले जाई. कु क्लक्स क्लॅन ही द्वेष पसरवणारी संघटना इंडियाना राज्यात फार बळावली होती. १९२४ च्या मे महिन्यात तिने साऊथ बेंडमध्येच मेळावा भरवला आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. हाणामारी झाली. विद्यापीठाचे प्रमुख फादर मॅथ्यू वॉल्श स्वतः चौकात गेले आणि मुलांना समजावून परत घेऊन आले. त्यानंतर काही महिन्यांतच त्याच विद्यापीठाचा संघ देशात पहिला आला. ज्या कामगारांनी कॉलेजची पायरी कधी चढली नव्हती, ते रविवारी मिस्सा झाल्यावर आदल्या दिवशीच्या सामन्याची चौकशी करू लागले.

पैशाचा प्रश्न

आता ड्राफ्टच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे येऊ. कॉलेजच्या मुलाने पैसे घेऊन खेळावे का?

रॉकनी यांनी स्वतः पैसे घेतले होते. पदवी मिळाल्यावर काही वर्षे ते ओहायोतील अॅक्रन, मॅसिलन अशा गावांच्या व्यावसायिक संघांकडून खेळले. आठवडाभर शिकवायचे आणि रविवारी आगगाडीने जाऊन सामना खेळायचा, असा त्यांचा क्रम होता. घरात बाळ आले होते आणि पगार तुटपुंजा होता. त्यामुळे पैशासाठी खेळणे हे पाप आहे, असे ते म्हणू शकत नव्हते.

पण विद्यार्थी असताना लपून खेळणे ही वेगळी गोष्ट होती. व्यावसायिक संघांची मोठी संघटना १९२० साली स्थापन झाली. तिचे काही संघ कॉलेजच्या मुलांना खोट्या नावाने उतरवीत. १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये इलिनॉय राज्यातील कार्लिनव्हिल आणि टेलरव्हिल या दोन लहान गावांमध्ये सामना झाला. दोन्ही गावांनी त्यावर मोठ्या पैजा लावल्या होत्या. एका गावाने नोटर डेमची मुले गुपचूप आणली आणि दुसऱ्याने इलिनॉय विद्यापीठाची. काही आठवड्यांनी बिंग फुटले. दोन्ही विद्यापीठांनी त्या खेळाडूंना संघातून काढून टाकले.

त्याच सुमारास ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघानेही नोटर डेमची मुले खोट्या नावाने खेळवल्याचे उघड झाले. हा संघ चालवणारा कर्ली लॅम्बो स्वतः १९१८ साली रॉकनींच्या हाताखाली खेळला होता. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या गावी हा संघ उभा केला होता. म्हणजे गुरूच्या मुलांना चोरवाटेने नेणारा गुरूचाच शिष्य होता. पॅकर्सचे सदस्यत्व गेले. लॅम्बोने माफी मागून ते परत मिळवले. १९२६ साली संघटनेने नियम केला की ज्या मुलाच्या तुकडीची पदवी झालेली नाही, त्याला कोणीही घेऊ नये. आधी शिक्षण आणि मग पैसा, ही मर्यादा त्या दिवशी आखली गेली. पुढचा ड्राफ्ट याच मर्यादेवर उभा राहिला.

मोह रॉकनींनाही सुटला नाही. १९२५ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी त्यांनी जास्त पगाराचा करार केला. बातमी फुटली, गवगवा झाला आणि ते नोटर डेमलाच राहिले. एका मोटार कंपनीसाठी ते विक्रेत्यांपुढे भाषणेही देत. पैसा नाकारणारे संत म्हणून त्यांचे चित्र काढणे खरे होणार नाही. पैसा समोर असताना आपली जागा कोणती, हे त्यांना वारंवार ठरवावे लागले, असे म्हणणे अधिक बरोबर.

मुलांच्या मागे वेदीपर्यंत

पंधरा वर्षे रॉकनी कॅथॉलिक लोकांमध्ये राहिले, पण स्वतः कॅथॉलिक झाले नव्हते. कोणी त्यांना गळ घातली नाही. त्यांच्यावर परिणाम झाला तो त्यांच्याच खेळाडूंचा. संघ दूरगावी सामन्याला गेला की ही मुले सामन्याच्या दिवशी पहाटे उठून जवळच्या देवळात मिस्साला जात आणि ख्रिस्तप्रसाद घेत. रात्रभर आगगाडीचा प्रवास झालेला असे, तरीही ती झोप सोडून उठत. प्रशिक्षक मात्र हॉटेलात मागे राहत. याची रॉकनींना हळूहळू खंत वाटू लागली आणि तेही मुलांबरोबर जाऊ लागले. ज्यांना ते मैदानावर शिकवीत होते, त्यांच्याकडून ते देवळात शिकले.

२० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठाच्या आवारातील लाकडी ओंडक्यांच्या छोट्या चॅपलमध्ये फादर व्हिन्सेंट मूनी यांच्या हस्ते रॉकनींचा स्नानसंस्कार झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मुलाबरोबर पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. मुलाच्या शेजारी गुडघे टेकलेले सदतीस वर्षांचे वडील, हे दृश्य आपल्या धर्मग्रामातील पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी डोळ्यांसमोर आणून पाहावे.

शेवटची वर्षे

१९२९ साली रॉकनींच्या पायाच्या शिरेत रक्त साकळले. ती गुठळी हृदयाकडे गेली तर जीव जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्या वर्षी विद्यापीठाचे नवे मैदान बांधले जात असल्याने सगळे सामने बाहेरगावी होते. रॉकनी काही सामन्यांना गेलेच नाहीत. काही सामन्यांत चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी सूचना दिल्या. त्या हंगामात संघ एकही सामना हरला नाही. १९३० सालीही तसेच झाले.

३१ मार्च १९३१ हा पवित्र आठवड्यातील मंगळवार होता. एका चित्रपटाच्या कामासाठी रॉकनी लॉस एंजेलिसला निघाले होते. त्यांची दोन मुले कॅन्सस सिटीत शिकत होती. त्यामुळे तेथे थांबून त्यांनी पुढे जाण्यासाठी विमान पकडले. कॅन्सस राज्यातील बझार या खेड्याजवळ विमानाचा पंख तुटला आणि ते माळरानावर कोसळले. आठही जण ठार झाले. रॉकनी त्रेचाळीस वर्षांचे होते. विमानाचा पंख लाकडी होता आणि आत ओल शिरून सांधे सुटले होते, असे चौकशीत दिसले. एवढा प्रसिद्ध माणूस गेल्यामुळे लोकांनी जाब विचारला आणि प्रवासी विमानांच्या तपासणीत मोठे बदल झाले.

४ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी, विद्यापीठातील पवित्र हृदयाच्या देवळात त्यांचा अंत्यविधी झाला. विद्यापीठाचे प्रमुख फादर चार्ल्स ओडॉनेल यांनी प्रवचन केले. रेडिओवरून देशभर लोकांनी तो विधी ऐकला. शवपेटी त्यांच्या खेळाडूंनी खांद्यावर घेतली.

पहिली निवड आणि त्यानंतर

रॉकनी गेले त्या वेळी व्यावसायिक संघांची स्थिती विचित्र होती. श्रीमंत संघ जास्त पैसे देऊन चांगली मुले उचलीत आणि गरीब संघ हरत राहत. फिलाडेल्फिया ईगल्स या हरणाऱ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली सुचवले की जो शेवटी, त्याला पहिली पाळी द्यावी. जिंकणाऱ्या संघांनीही ते मान्य केले. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात नऊ संघ बसले आणि नऊ फेऱ्यांत ८१ नावे घेतली गेली.

पहिले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे होते. त्याला जेवढे पैसे हवे होते तेवढे कोणी देईना, म्हणून तो व्यावसायिक खेळात आलाच नाही. तिसरे नाव नोटर डेमच्या मुलाचे होते. त्याचे नाव विल्यम शेक्सपिअर, त्या महान नाटककाराचेच. आदल्या वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने फेकलेल्या चेंडूने सामना जिंकून दिला होता. तोही गेला नाही. त्याने उद्योगधंद्यात नोकरी धरली आणि पुढे महायुद्धात पायदळात लढला. ८१ पैकी निम्म्याहून अधिक मुले व्यावसायिक संघात खेळलीच नाहीत. हाताशी पदवी होती, दुसरे काम मिळत होते आणि खेळात पैसा थोडा होता.

शेक्सपिअरने फेकलेला तो चेंडू झेलणारा गडी वेन मिलनर होता. त्याला त्याच ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीत, म्हणजे जवळजवळ लिंबू-टिंबू म्हणून, घेतले. तो गेला, अनेक वर्षे खेळला, आणि १९६८ साली व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानभवनात त्याचे नाव लागले. एकाच चेंडूचे दोन भागीदार. ज्याला आधी मागितले तो दुसऱ्या वाटेने गेला आणि ज्याला शेवटी घेतले तो शिखरावर पोहोचला. या दोघांना कॉलेजात शिकवणारा प्रशिक्षक एल्मर लेडन होता, रॉकनींच्या चार घोडेस्वारांपैकी एक.

पुढे नोटर डेमची पाच मुले ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिली निवडली गेली: १९४४ साली अँजेलो बर्टेली, १९४६ साली फ्रँक डान्सविच, १९५० साली लिऑन हार्ट, १९५७ साली पॉल हॉर्नंग आणि १९७२ साली वॉल्ट पॅटलस्की. यांतील बर्टेली आणि हार्ट यांना घडवणारे फ्रँक लेही हे रॉकनींच्या हाताखाली खेळलेले.

रॉकनींचा वारसा मात्र या नावांच्या यादीपेक्षा मोठा आहे, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी फार मोठी संख्या पुढे शिकवायला लागली. एल्मर लेडन १९४१ ते १९४६ या काळात व्यावसायिक संघटनेचे आयुक्त होते. खोट्या नावांच्या प्रकरणात अडकलेल्या लॅम्बोने सुधारून पॅकर्सला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. सात खेचरांमधला ॲडम वॉल्श क्लीव्हलँड रॅम्स या व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक झाला आणि १९४५ साली त्याने अजिंक्यपद जिंकले. जिम क्रॉउली न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम या येशूसंघीय विद्यापीठात शिकवू लागला. तेथे त्याच्या हाताखाली विन्स लोम्बार्डी हा मुलगा खेळला. हाच लोम्बार्डी पुढे रोज मिस्साला जाणारा, अमेरिकेचा सर्वांत नावाजलेला प्रशिक्षक झाला. व्यावसायिक फुटबॉलचा सर्वोच्च करंडक त्याच्याच नावाने दिला जातो.

प्रिय पालकांनो, आपल्या भागातही कबड्डी, क्रिकेट, कुस्तीत चमकणारी मुले आहेत. टीव्हीवर खेळाडूंच्या बोलीचे आकडे ऐकून त्यांचे डोळे दिपतात आणि आपलेही. त्यांनी जरूर खेळावे. पण दहावीचे, बारावीचे वर्ष सोडून मैदानावर राहिलेल्या मुलाचा गुडघा एकदा दुखावला, तर त्याच्या हाती काय उरते, हे आपण आधीच विचारून घ्यावे. रॉकनींनी प्रयोगशाळेतील भांडी धुऊन पदवी मिळवली. शेक्सपिअरला नको म्हणता आले, कारण त्याच्याकडे दुसरी वाट होती.

आणि तरुण मित्रांनो, येत्या सुटीत मैदानावर गडी मागायला उभे राहाल, तेव्हा एकदा तरी पहिली पाळी त्या मुलाला द्या, ज्याला नेहमी शेवटी घेतले जाते. रॉकनींनी मोठमोठ्या सामन्यांची सुरुवात अशाच मुलांपासून केली होती.

आपल्या धर्मग्रामातील सर्व मुलामुलींना चांगले गुरू लाभोत, हीच प्रभूचरणी प्रार्थना.